हवा किती, अडथळा किती? औद्योगिक पंखे आणि ब्लोअरची निवड : प्रस्तावना

कोणत्याही एमआयडीसीत ब्लोअर घ्यायला गेलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती एचपीचा देऊ?" गिऱ्हाईकही त्याच भाषेत बोलतं. पाच, साडेसात, दहा, पंधरा यांपैकी एका आकड्यावर बोट ठेवलं जातं, आगाऊ रक्कम दिली जाते आणि पंधरा दिवसांनी माल येतो. या सगळ्यात पंखा किती हवा ओढणार आणि ती हवा कशातून रेटणार, हे कोणी विचारलेलंच नसतं. एचपी हा मोटरचा आकडा आहे. दहा एचपीच्या मोटरवर शेडच्या भिंतीतला मोठा एक्झॉस्ट पंखा चालतो आणि त्याच दहा एचपीवर क्युपोलाला हवा मारणारा अरुंद केसिंगचा ब्लोअरही चालतो. पहिला शेडभर हवा हलवतो, पण त्याला डक्टचे दोन बेंड झेपत नाहीत. दुसरा कोक आणि लोखंडाच्या थरांतून हवा घुसवतो, पण शेड थंड करायचं म्हटलं तर त्याचा काही उपयोग नाही. विजेचं बिल मात्र दोघांचं सारखंच.

ही पहिल्या प्रश्नाची सवय मोडावी म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे. किती हवा हवी, ती किती अडथळ्याविरुद्ध हवी आणि त्या हवेत काय मिसळलेलं आहे, ही तीन उत्तरं हातात असतील तर पंख्याचा प्रकार ठरतो, आकार ठरतो, वेग ठरतो आणि एचपी सगळ्यात शेवटी आपोआप निघते.

पहिली दोन उत्तरं आकड्यांतच हवीत. हवा घनमीटरमध्ये किंवा आपल्याकडे रुळलेल्या सीएफएममध्ये मोजतात. एक घनमीटर प्रति सेकंद म्हणजे सुमारे २,१२० सीएफएम. अडथळा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. हा आकडा फार छोट्या दाबाचा असतो. वातावरणाचा दाब सुमारे १०,३३० मिलिमीटर पाण्याइतका, आणि कारखान्यातले बहुतेक पंखे त्यातल्या पाच-पंचवीसपासून चार-पाचशे मिलिमीटरपर्यंतच खेळत असतात. पण पैसा जातो तो या छोट्या आकड्यांतच. घनमीटर प्रति सेकंद गुणिले मिलिमीटर, भागिले १०२, भागिले पंख्याची कार्यक्षमता, एवढं केलं की किलोवॅट मिळतात. समजा पाच घनमीटर हवा २०० मिलिमीटरच्या अडथळ्यातून न्यायची आहे. पंखा ७५ टक्के कार्यक्षम असेल तर शाफ्टवर १३ किलोवॅट लागतील, ५० टक्के असेल तर साडेएकोणीस. फरक साडेसहा किलोवॅटचा. वर्षाला सहा हजार तास चालला आणि युनिटला आठ रुपये धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला तीन लाखांहून जास्त. खरेदीच्या वेळी ज्या पंधरा-वीस हजारांसाठी घासाघीस होते, ते इथे दोन-तीन आठवड्यांत निघून जातात.

पंख्यांची मूळ विभागणी दोनच घरांत होते. एकात हवा आसाच्या दिशेने सरळ पार जाते. हा अक्षीय किंवा अॅक्सिअल पंखा. दुसऱ्यात ती मध्यातून शिरते, फिरत्या इंपेलरबरोबर बाहेर फेकली जाते आणि गोगलगाईच्या शंखासारख्या केसिंगमधून काटकोनात बाहेर पडते, हा सेंट्रिफ्यूगल. बाजारात बहुधा दुसऱ्याच घराला ब्लोअर म्हणतात. काटेकोर व्याख्येत ब्लोअर म्हणजे हवेचा दाब साधारण १.११ ते १.२० पट करणारं यंत्र. त्याखाली फॅन, त्यावर कॉम्प्रेसर. या पुस्तकात मात्र बाजारातलीच बोली ठेवली आहे, कारण ऑर्डर त्याच बोलीत दिली जाते.

हवा भरपूर आणि अडथळा थोडा असेल तर अॅक्सिअल घ्यावा. सूतगिरणीतल्या ह्युमिडिफिकेशन प्लांटमध्ये, कूलिंग टॉवरवर, मोठ्या शेडच्या छपरावर तो योग्य जागी असतो. पण या घरातही तीन भावंडं आहेत आणि त्यांच्यात मोठा फरक आहे. भिंतीत बसवलेला साधा प्रोपेलर पंखा ४५-५० टक्क्यांच्या पुढे जात नाही. तोच नळकांड्यात, पात्यांची टोकं आणि नळकांडं यांत फट कमी ठेवून बसवला तर ७० च्या आसपास पोचतो, आणि मागे हवेचा पीळ सोडवणाऱ्या स्थिर पट्ट्या लावल्या तर ८० च्या वर. अॅक्सिअलची एक खोड मात्र वायरमनला ठाऊक असायला हवी : वाट बंद असताना तो सर्वांत जास्त लोड घेतो. म्हणून डॅम्पर बंद ठेवून तो कधीही सुरू करू नये. सेंट्रिफ्यूगलचं बरोबर उलटं. तो डॅम्पर बंद ठेवूनच सुरू करावा. दोन्ही प्रकार असलेल्या कारखान्यात ही एकच सूचना पॅनलवर रंगवून ठेवली तरी पुष्कळ मोटरी वाचतील.

सेंट्रिफ्यूगलमध्ये सगळा खेळ पात्यांच्या वळणाचा आहे. पाती फिरण्याच्या दिशेने पुढे वाकलेली, सरळ त्रिज्येत उभी, किंवा मागे कललेली असतात. पुढे वाकलेल्या पात्यांच्या इंपेलरचा इतिहास आपल्या देशाशी बांधलेला आहे. सॅम्युएल क्लेलंड डेव्हिडसन हा बेलफास्टकडचा तरुण १८६४ मध्ये आसामातल्या काचारला चहाच्या मळ्यावर आला. तिथे चहाची पानं कोळशाच्या शेगड्यांवर हातानं वाळवत. धूर लागे, पानं करपत, एका घाण्याची चव दुसऱ्याला नसे. गरम हवेचा झोत पानांतून सोडून ती वाळवायची, हे त्याने मनावर घेतलं. परत जाऊन १८८१ मध्ये त्याने बेलफास्टला सिरोक्को वर्क्स काढला आणि चहाच्या ड्रायरला पुरेल असा पंखा शोधता शोधता १८९८ च्या सुमारास अनेक आखूड, पुढे वाकलेल्या पात्यांचा पिंजऱ्यासारखा इंपेलर तयार केला. लहान आकारात, कमी वेगात, कमी आवाजात भरपूर हवा देणारा हा पंखा पुढे जहाजांत आणि इमारतींत गेला, आणि आज डक्टच्या एअर कंडिशनरमध्ये आपण रोज त्याच्याच वंशजाची हवा खातो. नेमक्या गरजेपोटी नेमका पंखा कसा घडतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण स्वच्छ हवेसाठी घडलेला हा इंपेलर आपल्याकडे धुळीच्या कामाला सर्रास जुंपला जातो, आणि ते चूक आहे. आखूड, खोलगट पात्यांच्या पोटात धूळ बसते, तोल जातो, बेअरिंग खातं. दुसरं असं की अडथळा कमी झाला की हा पंखा जास्त हवा ओढतो आणि जास्त लोड घेतो. फिल्टर काढून ठेवला, डक्टचं दार उघडं राहिलं, की अॅम्पिअर चढतात आणि ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. रिले नीट लावलेला नसेल तर मोटर जळते. मग रिवाइंडिंगवाला वाइंडिंग बदलून देतो, मोटर पुन्हा जळते, आणि दोष "व्होल्टेज"वर ढकलला जातो.

मागे कललेल्या पात्यांचा पंखा असं करत नाही. त्याचा लोड एका ठिकाणी कमाल होतो आणि मग उतरतो, त्यामुळे त्या कमाल लोडइतकी मोटर एकदा दिली की काळजी नाही. पातं विमानाच्या पंखासारखं पोकळ केलं तर कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर जाते. स्वच्छ हवेसाठी, बॉयलरच्या एफडी फॅनसाठी, मोठ्या व्हेंटिलेशनसाठी दुसरा विचार करण्याचं कारण नाही. सरळ उभ्या पात्यांचा पंखा ७०-७५ टक्क्यांवर थांबतो, पण तो दणकट. लाकडाचा भुसा, कापसाची पिंज, ग्राइंडिंगचा चुरा त्याच्यातून आरपार गेला तरी पातं स्वतःला झाडून घेतं. झिजलं तर गावातला वेल्डर प्लेट बदलून देऊ शकतो. अशा कामात चार टक्के कार्यक्षमता गेली तरी चालेल, पंखा चालू राहणं महत्त्वाचं.

तिसरा प्रश्न, हवेत काय आहे, तो इथून सुरू होतो. साखर कारखान्याच्या बॉयलरचा आयडी फॅन घ्या. बगॅसच्या धुरात राख असते आणि उसाबरोबर आलेली शेतातली वाळूही. स्क्रबर कितीही चांगला असला तरी काही कण पुढे येतातच, आणि ते पात्यांच्या मुळाशी प्लेट खातात. म्हणून इथे वेग कमी, पात्यावर झिजेसाठी वेगळं लायनर आणि केसिंगला तपासणीचं दार, हे कार्यक्षमतेच्या आधी बघावं. शिवाय हा पंखा गरम हवेवर काम करतो. वीस अंशांना हवेचं वजन घनमीटरला १.२ किलो, तर १६० अंशांना जेमतेम ०.८. गरम हवेसाठी बेतलेला पंखा हंगामाच्या सुरुवातीला, बॉयलर पेटवण्याआधी, थंड हवेवर चालवला की लोड जवळजवळ दीडपट होतो. मोटर ट्रिप झाली म्हणून ती मोठी घ्यायची नसते. गॅस तापेपर्यंत डॅम्पर आवळून ठेवायचा असतो. चौकशीपत्रात "तापमान" हा रकाना रिकामा सोडणाऱ्यांना हे फार महागात पडतं. समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहावी. पुण्यात हवा मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ आहे.

लोटे-परशुराम, महाड, तारापूरकडच्या रासायनिक कारखान्यांत आम्लाच्या वाफा असतात. तिथे माइल्ड स्टीलचा इंपेलर थोड्या महिन्यांत चाळणी होतो, म्हणून एफआरपी किंवा पॉलिप्रॉपिलिन. रंगाच्या बूथमध्ये आणि सॉल्व्हंटच्या खोलीत मोटर हवेच्या वाटेत नकोच. ती बाहेर, पट्ट्यावर, फ्लेमप्रूफ, आणि इंपेलर घासला तरी ठिणगी पडणार नाही अशा धातूचा. यात पैसे वाचवण्याचा विचारसुद्धा करू नये. माणसं भाजतात.

आता अडथळ्याकडे परत येतो, कारण निवडी सर्वांत जास्त इथेच फसतात. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत ग्राइंडिंग विभागात धूळ ओढली जात नव्हती. कामगारांच्या पापण्यांवर चुरा बसलेला दिसे. मालकांनी पंधरा एचपीच्या ब्लोअरचं कोटेशन मागवून ठेवलं होतं; चालू होता तो दहाचा. आम्ही एक पारदर्शक प्लास्टिकची नळी घेतली, फळीवर यू आकारात ठोकली, त्यात पाणी भरलं आणि पातळी दिसावी म्हणून निळीचे दोन थेंब टाकले. डक्टला चार मिलिमीटरचं भोक पाडून नळीचं एक टोक तिथे धरलं. बॅग फिल्टरच्या अलीकडे पाण्याच्या दोन पातळ्यांत ४० मिलिमीटरचा फरक पडला, पलीकडे, पंख्याच्या बाजूला, ३१०. म्हणजे २७० मिलिमीटर एकट्या पिशव्या खात होत्या; चांगल्या पिशव्यांना शंभर ते दीडशेच्या वर लागू नयेत. पिशव्या झाडायला येणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी होतं, त्या पाण्याने धुळीचा चिखल होऊन कापडावर थापला गेला होता. एअर हेडरचा ड्रेन दुरुस्त झाला, पिशव्या बदलल्या, आणि तोच जुना ब्लोअर पुन्हा धूळ ओढू लागला. पंधरा एचपीचा आला असता तर त्याने तोच चिखल आणखी जोराने कापडात रुतवला असता.

त्या नळीला पन्नास रुपयेसुद्धा लागत नाहीत. तिच्या जोडीला पिटो नळी असेल तर हवेचा वेगही कळतो. आंरी पिटोने १७३२ मध्ये सेन नदीच्या प्रवाहासाठी ती वापरली; आपण ती डक्टमध्ये घालायची. वेगाचा दाब २५ मिलिमीटर आला तर हवा सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने जाते आहे असं समजावं. लाकडाचा भुसा तरंगत ठेवायला साधारण एवढाच वेग लागतो. त्याहून बराच कमी असेल तर भुसा डक्टच्या तळाशी बसत चालला आहे आणि आग लागण्याची वाट पाहतो आहे.

फसण्याचं दुसरं कारण आपल्या सावधपणात आहे. प्रोसेसवाला गरजेवर दहा टक्के चढवतो, कन्सल्टंट दहा चढवतो, पुरवठादार पंधरा. तिघांचं मिळून जवळजवळ चाळीस टक्के होतं. मग तो मोठा पंखा अर्धा डॅम्पर बंद करून वर्षानुवर्षं चालवला जातो आणि बंद डॅम्परवर वीज जळत राहते. पंख्याचे नियम इथे निर्दय आहेत, पण आपल्या बाजूचेही आहेत. हवा वेगाच्या प्रमाणात बदलते, दाब वेगाच्या वर्गात, आणि शक्ती घनात. वेग दहा टक्के उतरवला तर हवा ९० टक्के राहते, शक्ती मात्र ७३ टक्क्यांवर येते. गरज कायम कमी असेल तर व्हीएफडीचा खर्च करू नये, पुली बदलावी. टर्नरकडे एका दिवसाचं काम आहे. गरज तासातासाला बदलत असेल तरच व्हीएफडी. उलट दिशेने जाताना मात्र जपावं. "थोडी हवा वाढवू" म्हणून मोटरला मोठी पुली घालून वेग दहा टक्के वाढवला की शक्ती ३३ टक्के वाढते आणि इंपेलरवरचा ताण २१ टक्के. इंपेलर फुटला तर तो केसिंग फाडून बाहेर येतो. बनवणाऱ्याने दिलेला कमाल वेग ओलांडायचा नाही, कोणीही कितीही आग्रह केला तरी.

दोन बारकावे प्रस्तावनेतच सांगून टाकतो, कारण ते रोज दिसतात. पंख्याच्या तोंडाशीच बेंड देऊ नये; हवा एका बाजूने वाकडी शिरते आणि कॅटलॉगमधले आकडे कधीच मिळत नाहीत. तोंडापूर्वी डक्टच्या व्यासाच्या निदान तीन-चार पट लांबीचा सरळ तुकडा ठेवावा. आणि मोटर दुरुस्तीहून परत आली की फिरण्याची दिशा पाहावी. फेज उलटे जोडले तर अॅक्सिअल पंखा हवा उलट फेकतो, ते लगेच कळतं. सेंट्रिफ्यूगल उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून देतो, फक्त फार कमी. म्हणून महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. केसिंगवरचा बाण त्यासाठीच असतो. रंगकाम करताना तो पुसू नये.

या दोन घरांबाहेरचं एक यंत्र शेवटच्या प्रकरणात घेतलं आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल येथे रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेला दोन लोबचा ब्लोअर आज पुण्या-मुंबईतल्या मोठ्या गृहसंकुलांच्या तळघरात, सांडपाणी प्रकल्पात धडधडत असतो. चार-पाच मीटर खोल टाकीच्या तळाशी हवा सोडायची म्हणजे चार-पाच हजार मिलिमीटरचा दाब. तिथे साध्या सेंट्रिफ्यूगल पंख्याचं काम नाही. पण हे यंत्र हवा कोंडून पुढे ढकलतं, त्यामुळे याचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरुवात करणं म्हणजे यंत्र फोडणं. वर सांगितलेली सेंट्रिफ्यूगलची सवय इथे लावू नये, आणि रिलीफ व्हॉल्व्ह काढून टाकू नये.

पुस्तक प्लांट सुपरवायझर, मेंटेनन्सचे फिटर, फॅब्रिकेशनचं दुकान चालवणारे आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढे फारसं जात नाही. प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही, पण अडथळा मोजण्याचं दुसरं प्रकरण कोणी वगळू नये अशी विनंती आहे. बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

आणि एक मागणं. पुढचा पंखा घेताना पुरवठादाराकडे त्याचा वक्र मागा : किती हवेला किती दाब आणि किती शक्ती, हे एका कागदावर आखलेलं. आपल्या गरजेचा बिंदू त्यावर स्वतः पेन्सिलीने मांडा. सेंट्रिफ्यूगल पंख्यांसाठी भारतीय मानक ४८९४ आहे, चाचणी त्याप्रमाणे झाली आहे का ते विचारा. जो हा कागद देऊ शकत नाही त्याच्याकडून पंखा घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.